छातीएवढी स्ट्रॉबेरी

करंजाड्यात स्ट्रॉबेरी होत नाही, ही गोष्ट मला सोडून सगळ्यांना माहीत होती. महाबळेश्वरच्या रोपवाल्यालाही होती. त्यानं विचारलं, "कुठं लावणार?" मी म्हटलं, "पनवेलच्या पुढं." त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या बायकोकडं बघितलं, आणि बारा रोपं कागदात गुंडाळून देताना "बघा प्रयत्न करून" असं म्हणाला. डॉक्टर नातेवाइकांना केबिनबाहेर बोलावून ज्या आवाजात बोलतात ना, अगदी तोच आवाज.

आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. खाली दुकानं, आणि त्या दुकानांच्या छताचा एक तुकडा आमच्या हॉलला लागून गच्ची म्हणून मिळालेला. दोन माणसं आणि एक कपडे वाळत घालायचा स्टँड उभा राहिला की हाउसफुल्ल. तिथं बाग करायचा माझा बेत होता. मी तुर्भ्याला एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे, त्यामुळं रिकामे ड्रम ही माझी हुकमी वस्तू. दोन निळे ड्रम आणले, मधोमध कापले, चार कुंड्या झाल्या. त्यात आधी व्हॅनिलाचा अर्क होता, हे माझ्या ध्यानात आलं माती भरून झाल्यावर. महिनाभर आमच्या गच्चीला आइस्क्रीमच्या दुकानासारखा वास येत होता आणि सोसायटीतल्या सगळ्या मुंग्या सहलीला येऊन गेल्या.

रोपं घेऊन येताना सासुरवाडीला मुक्काम केला. सातारा जिल्ह्यातलं गाव. सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात, मीही आबाच म्हणतो. त्यांची तुतीची बाग आणि बागेच्या कडेला रेशमाच्या अळ्यांची शेड. तुतीचा पाला तोडायचा, अळ्यांना घालायचा, अळ्यांनी कोष विणायचे, कोष विकायचे. पंचवीस वर्षं त्या घरात दुसरा विषय नाही. आम्ही गेलो तेव्हा बागेची छाटणी नुकतीच झाली होती आणि बांधावर तुतीच्या फांद्यांचा ढीग पडला होता.

मी कुठंतरी वाचलं होतं की स्ट्रॉबेरीला सावली लागते. सावली नव्हे, थंडी लागते, असं पुढच्याच ओळीत होतं. पण मला पुढची ओळ वाचायची सवय नाही.

"आबा, ह्यातल्या चार काठ्या देता का? रोपांवर मांडव घालतो."

"घ्या की, पावनं," आबा म्हणाले. "पर आदी वाळवून घ्या. ओल्या हायत त्या."

सासूबाईंनी निवडून निवडून मोळी बांधली. सुतळीची गाठ मारताना म्हणाल्या, "काय वाळवायच्यात? ऱ्हाऊ द्यात ओल्याच." आणि हसल्या. मला वाटलं, जावयाचं कौतुक वाटलं असेल.

तर मांडव झाला. प्रत्येक कुंडीत चार काठ्या, वर हिरवी जाळी, खाली स्ट्रॉबेरी. फोटो काढून ऑफिसात दाखवले. जानेवारीत रोपं मलूल झाली, फेब्रुवारीत गेली. बारा रोपांना मिळून एक फळ आलं, शेंगदाण्याएवढं. ते बुलबुलानं नेलं. पण मी खचलो नाही, कारण त्याच सुमारास काठ्यांना हिरवे कोंब दिसले. पानाला दाते होते. स्ट्रॉबेरीच्या पानालाही दाते असतात. मी जाहीर करून टाकलं की स्ट्रॉबेरी मेलेली नाही, ती आता काठीवर चढते आहे.

माणूस एवढा गाढव कसा असू शकतो, असं तुम्हांला वाटेल. मलाही आता वाटतं. पण तेव्हा फार आनंदात होतो.

समोरच्या दारात जासईच्या एक काकू राहतात. लेकानं फ्लॅट घेतला म्हणून इथं आल्या, पण जासईच्या घरच्या अंगणातला भाजीपाला अजून त्याच बघतात. मासळी धुतलेलं पाणी झाडाला चांगलं, म्हणून त्या मला रोज छोटी बादली भरून देत. झाडांनी जोर धरला. करंजाड्यातल्या मांजरांनीही धरला. मे महिन्यात काकू एकदा मान वर करून बघत म्हणाल्या, "आवो, ही स्टाबेरी हाय का नारलाचा झार?"

"सुधारित जात आहे, काकू."

"सुदारलीय त खरी. आता माजे खिरकीन येल."

दर रविवारी सासुरवाडीला फोन असायचा. "आबा, स्ट्रॉबेरी गुडघ्याला लागली." पुढच्या महिन्यात, "कमरेला लागली." मग, "आबा, छातीला लागली बघा."  मग आबा विचारायचे, "पान केवडं हाय?" मी म्हणायचो, "तळहाताएवढं." "हां," आबा म्हणायचे, आणि मागं सासूबाईंना खोकल्याची उबळ आल्यासारखा आवाज यायचा.

माझ्या तक्रारी दोनच. एक म्हणजे फळ येत नव्हतं. दुसरी म्हणजे कीड. बारक्या, हिरव्या, लव असलेल्या अळ्या पानांच्या बेचक्यात येऊन बसायच्या. दोनदा आल्या. बायको पनवेलला नोकरीवर गेलेली असताना मी सुट्टी काढून, चिमट्यानं एकेक वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. दोन्ही वेळा एकही सोडली नाही.

श्रावणात सासूबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं संपलं. आबांनी बाग आणि शेड पुतण्याकडं सोपवली आणि घरात बसून राहू लागले. "जेवलात का?" म्हणून फोनवर विचारलं की "व्हय" म्हणायचे. पुतण्याला विचारलं की तो म्हणायचा, "कुठलं जेवतात!" दिवाळी झाली तशी बायको स्वतः गावी गेली आणि त्यांना घेऊन आली.

"आठ दिस," आबा दारातच म्हणाले.

बायकोला आठ दिवस नको होते, कायमचे हवे होते. तिनं त्यांच्यासाठी एक कपाट रिकामं करून ठेवलं होतं. आबांनी त्यात एक रुमालसुद्धा ठेवला नाही. त्यांची खाकी पिशवी चपलांच्या रॅकशेजारी भिंतीला टेकून उभी. रोज सदरा धुवायचा, गच्चीत दोरीवर टाकायचा, वाळला की घडी घालायची आणि परत पिशवीत. बायको ते बघायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटायची.

"तुम्ही काहीतरी करा," ती मला म्हणाली. "ते इथं रमले पाहिजेत. तिथं एकटे राहिले तर ते जेवणं सोडतील, आणि मग..." 

"मी काय करू?"

"तुमची ती स्ट्रॉबेरी दाखवा."

असं म्हणून ती हसली. ते हसू आपण आधी कुठंतरी बघितलंय असं मला वाटलं, पण नेमकं कुठं ते आठवेना.

आबांना गच्चीत नेलं. तोवर सोळा काठ्यांपैकी जगलेली पाच झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. आबांनी एक पान धरलं, बोटांत चोळलं, हुंगलं.

"पावनं."

"हं?"

"ही तुती हाय."

"कुठली तुती?"

"माजी."

मी बायकोकडं वळलो. ती दारात उभी होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या पानालाच. शेतकऱ्याची पोरगी आहे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही इतके खूश होतात. आणि कुठवर जाताय ते बघायचं होतं."

ऑफिसातल्या चौदा लोकांना मी काठीचे फोटो दाखवले होते. एकानं तर त्याच्या मेव्हण्यासाठी वाण विचारला होता. असो. अब्रू गेली ती गेली, निदान फळ तरी मिळवावं, म्हणून मी विचारलं, "आबा, तुतीला फळ येतं ना?"

"येतंय की. पर आमी फळाकडं बगत न्हाई. आमाला पाला पायजे."

"मग माझ्या झाडांना का नाही आलं? वर्ष होत आलं."

आबांनी पाचही झाडं खालपासून वरपर्यंत न्याहाळली. "बगू," म्हणाले.

पुढचे पाच दिवस ते खुर्चीत बसून होते. "हितं मी करायचं काय?" मला म्हणाले. "पंख्याची पाती मोजायची? तीन हायत. रविवारच्या गाडीचं बगा."

शुक्रवारी ऑफिसातून आलो आणि गच्चीचं दार उघडलं. झाडं नव्हती. म्हणजे गुडघ्याएवढे पाच खुंट होते. बाकी सगळं, फांद्या, पानं, माझी वर्षभराची शान, एका कोपऱ्यात रचून ठेवलेलं. आबा कातर पुसत होते. छाटणीची मोठी कातर, लाकडी मुठीची.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. एक वाक्य मात्र आठवतं. "निदान विचारायचं तरी, आबा! हे काय तुमचं शेत आहे?"

वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते परत गिळावंसं वाटलं. आबांनी कातर धोतराच्या सोग्याला शांतपणे पुसली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "माजं न्हाई."

आत जाऊन त्यांनी कातर पिशवीत ठेवली आणि पिशवीचे बंद बांधले. त्या दिवशी मला जेवायला वाढलं गेलं, पण माझ्याशी बोललं गेलं नाही. भाजीत मीठ जास्त होतं. मी दोनदा मागून घेतली.

सकाळी बायको एवढंच म्हणाली, "उद्या असे गेले ना, तर परत नाही यायचे."

मी दोन कप चहा घेऊन गच्चीत गेलो. आबा खुंटांसमोर उकिडवे बसले होते. माफी मागायची मला सवय आहे, ऑफिसात रोजचंच आहे, पण सासऱ्यांसमोर शब्द सापडेना.

"आबा, काठीला स्ट्रॉबेरी समजणारा माणूस मी. माझं बोलणं काय मनावर घ्यायचं?"

आबांनी चहा बशीत ओतला.

"हे फुटायला किती दिवस लागतात?"

"धा-बारा दिस."

"पाणी रोज घालू? की मासळीचं घालू? काकू बादली भरून देतात."

"आजाबात न्हाई!" आबा एकदम म्हणाले. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मुळ्या जाळून टाकशीला!"

"बघा, मला काही कळत नाही. फुटवा दिसेपर्यंत तरी थांबा."

त्यांनी चहा संपवला, बशी पालथी केली. "फुटवा दिसला की जानार," म्हणाले.

झाड फुटू नये म्हणून देवाला हात जोडणारा बागायतदार माझ्याआधी कुणी झाला असेल असं वाटत नाही. मी रोज उठून भीत भीत दार उघडायचो. बायको आतून विचारायची, "नाही ना?" "नाही," मी म्हणायचो, आणि ती समाधानानं पोळ्या लाटायला घ्यायची. आबा मात्र खुंटांपाशी तासन्‌तास बसायचे. माती उकरायचे, कुंड्या फिरवायचे, मांजरांना हाकलायचे. एकदा काकूंशी बोंबील आणि तुती यावर त्यांचं भांडण झालं. अर्धा तास चाललं आणि दोघांनाही मजा आली असं मला वाटलं. पण सदरा वाळला की पिशवीत जायचाच.

अकराव्या दिवशी आबांनीच हाक मारली. खुंटांवर हिरवे ठिपके होते.

"फुटलं," आबा म्हणाले.

बायकोचा चेहरा बघवेना. मी घाईघाईनं म्हटलं, "आबा, हे काय खरं नाही. चार-चार पानं तरी होऊ द्या."

"चार पानं," आबा म्हणाले. "येत्या रविवारपातूर हुतील."

आणि झालीही. माझ्या हाताखाली वर्षभर रमतगमत वाढलेली झाडं नेमकी तेव्हाच आबांचा शब्द पाळायला निघाली. रविवार उजाडला. दुपारची गाडी होती. प्रवासाला दाढी करून जायचं म्हणून आबा खालच्या सलूनमध्ये गेले. मी पाणी घालायला गच्चीत आलो आणि बघतो तर प्रत्येक नव्या कोंबाला, प्रत्येक बेचक्यात, त्याच त्या. हिरव्या, लवदार, अंग आकसून बसलेल्या. पूर्वी कधी नव्हत्या एवढ्या.

मला भयंकर राग आला. आबांनी एवढ्या मायेनं फुटवा आणला, आणि ते गाडीत बसायच्या दिवशीच अळ्यांनी तो खायचा? म्हटलं, निदान जाताना त्यांना स्वच्छ झाडं दिसू देत. चिमटा आणला, मगात साबणाचं पाणी केलं आणि कामाला लागलो. तीन झाडं चकाचक केली. चौथ्याला हात घातला तेवढ्यात आबा आले, गालाला तुरटी लावून.

"काय करताय?"

"अळ्या, आबा. तुम्ही काळजी करू नका, एक सोडत नाही."

आबांनी माझ्या हातातून मग घेतला. आत बघितलं. बोट घालून एक बाहेर काढली आणि तळहातावर ठेवली. बराच वेळ बघत राहिले.

"पावनं. ह्या अळ्या न्हाईत."

"मग?"

"फळं हायती."

मी चिमटा खाली ठेवला.

"ह्याच्या आदी कवा काडल्यात?"

"दोनदा."

"किती?"

"सगळ्या."

आबांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मी घाबरलो. मग कळलं की ते हसताहेत. आधी आवाज न करता, खांदे हलवत. मग मोठ्यानं. मग उभं राहवेना म्हणून पालथ्या बादलीवर बसले. "पंचवीस वर्सं," त्यांना बोलता येईना, "पंचवीस वर्सं अळ्या संबाळल्या मी! आन् जावई... जावई फळं वेचून साबनात..." काकू त्यांच्या खिडकीत आल्या. "काय जाला, काय जाला?" म्हणत होत्या. बायको कणकेच्या हातांनी धावत आली आणि दारातच थांबली. श्रावणापासून तिनं वडिलांना हसताना बघितलं नव्हतं. ती मनगटानं डोळे पुसत राहिली आणि कपाळाला, नाकाला कणीक लावून घेतली.

हसू ओसरल्यावर आबा उरलेली फळं बोटानं चाचपत म्हणाले, "हिच्या आईला लई आवडायची. छाटनी झाली की नव्या फुटव्याला येत्यात. मी वरडायचो, पाला तोडायला लावलं की ती आपली फळं खात बसती. वटीत भरून आनायची, जीब काळी हुयाची. मी एक कवा खाल्लं न्हाई."

"म्हणजे तुम्ही फळासाठी छाटलंत?"

"तर काय पाल्यासाटी? हितं अळ्या कुटं हायत?" मगाकडं बघून परत हसले. "तुमी म्हनला फळ येत न्हाई. म्हनलं, आनून दावू. मला काय ठावं, तुमीच खुडून टाकताय."

"मग तसं सांगायचं ना, आबा."

"तुमी इचारलं कुटं? तुमी वरडला."

 मी विषय बदलला. "पण आठ दिवसांसाठी येताना कातर कशाला आणलीत?"

"फोनवर पान तळहाताएवडं म्हनलासा, तवाच कळलं हुतं मला. तिला आदीच ठावं हुतं. तिनंच तर मोळी बांदली. मला मागनं म्हनली, म्हनूनच वाळवू दिल्या न्हाईत. लेकीच्या दारात आपलं काय तरी ऱ्हाऊ दे."

 खाली एका दुकानाचं शटर वर गेलं.

बायकोनं हळूच विचारलं, "आबा, गाडी दोनची ना?"

"कसली गाडी?" आबा खेकसले. "दीड झाड ऱ्हायलंय. मी गेलो तर हे त्ये बी साबनात बुडवत्याल."

त्या दीड झाडावर मोजून सव्वीस फळं राहिली. ती हिरव्याची लाल झाली, लालाची काळी झाली. मला त्या काळात झाडाच्या दोन फुटांच्या आत यायची बंदी होती. पिकल्यावर आबांनी स्वतः तोडली. एक वाटी काकूंकडं गेली. काकूंनी तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "आली बाय एकदाची स्टाबेरी!" आबांनी एक फळ हातात घेऊन उलटसुलट बघितलं, तोंडात टाकलं, सावकाश चावलं.

"ग्वाड हाय की," म्हणाले. पंचवीस वर्षं चाललेल्या भांडणात हरल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी गच्चीत गेलो तर दोरीवर खाकी पिशवी धुऊन वाळत घातलेली, उलटी, दोन चिमटे लावून. कपाटात आबांचे सदरे होते आणि खालच्या कप्प्यात कातर.

गेल्या महिन्यात पुढची छाटणी झाली. या वेळी मला विचारून. म्हणजे आबांनी विचारलं, "कापू?" आणि मी हो म्हणेपर्यंत दोन झाडं कापून झाली होती. फांद्यांचा ढीग बघून काकू म्हणाल्या, "जासईला कारल्याचा मांडव करायचा हाय, देताव का चार काट्या?"

आबा मोळी बांधायला बसले. निवडून निवडून, अंगठ्याएवढ्या जाडीच्या, डोळे असलेल्या. मी आपला अनुभवी माणूस. पुढं झालो आणि म्हटलं, "आबा, वाळवून द्यायला पाहिजेत ना?"

आबांनी सुतळीची गाठ दातांनी ओढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ द्यात ओल्याच."